पातेलं आमचं, झाकण त्यांचं

आमच्या माळ्यावर एक पितळेचं पातेलं आहे. साठ माणसांची आमटी सहज होईल एवढं. वर्षभर ते पालथं पडून असतं आणि दोन दिवस त्याला उसंत नसते. ज्येष्ठ वद्य एकादशीला माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला येते, दोन रात्री मुक्काम करते. त्या दोन दिवसांत परभणीकडची एक दिंडी आमच्या अंगणात उतरते, ती माझ्या आजोबांच्या काळापासून. पहिल्या दिवशी उपवास, म्हणून भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दुसऱ्या दिवशी बारस, म्हणून डाळ-भात, बटाट्याची भाजी आणि लापशी.

पातेल्याच्या काठावर आजोबांचं नाव कोरलेलं आहे. झाकणावर मात्र शेजारच्या आण्णांच्या वडिलांचं. दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून ते पुण्याच्या तांबट आळीतून आणलं होतं आणि नावंही अशी वाटून घेतली होती. पुढे २०११च्या पावसाळ्यात आम्ही घरावर नवा पत्रा टाकला, त्याचा उतार चुकला आणि आमची पावळण आण्णांच्या अंगणात पडायला लागली. आधी बोलाचाली झाली, मग ओरडाआरडा. मी त्यांच्या वयाला शोभणार नाही असं काहीतरी बोललो. नेमकं काय ते अजून आठवतं, इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी आण्णा आले आणि त्यांच्या वडिलांच्या नावाचं सगळं उचलून घेऊन गेले. झाकण, मोठा झारा, दोन पराती. आईने एक शब्द काढला नाही. त्यानंतर दर वारीला पातेल्यावर आम्ही जुन्या पत्र्याचा तुकडा ठेवायचो, त्यावर विटेचा अर्धा भाग. दिंडीतले विणेकरी बाबा दरवर्षी त्या विटेकडे बघून हसायचे. "तुमच्याकडं वीट खाली नसून वर हाय," म्हणायचे.

हे सगळं आधी सांगितलं, कारण २०२०च्या बंदबद्दल लिहायचं म्हटलं की मला करोना नंतर आठवतो आणि ते झाकण आधी.

मी एसटीत कंडक्टर आहे. पहाटे चारला उठायचं, तिकीट मशीन आणि ट्रे घेऊन पहिल्या गाडीला जायचं, असं आयुष्य गेलेलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गाड्या डेपोत उभ्या राहिल्या, त्या कधी निघतील हे कुणी सांगेना. २२ तारखेच्या रविवारी गल्लीतल्या लोकांनी थाळ्या वाजवल्या, २४च्या रात्री पंतप्रधानांनी २१ दिवसांची घोषणा केली आणि २५ला गुढीपाडवा होता. साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत, तर बायकोने दोऱ्यात बत्तासे ओवले. गुढीवर ते बरे दिसत होते. दुपारपर्यंत मुंग्या लागल्या, तो भाग वेगळा.

घरात आम्ही पाच माणसं, तीन खोल्या. मुलगी दहावीला. तिचा भूगोलाचा एकच पेपर राहिला होता, २३ मार्चचा. तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. सरासरीने मार्क देणार म्हणाले, तर ती दोन दिवस रडली, कारण भूगोल तिचा सगळ्यात पक्का विषय. धाकटा सहावीत, त्याला कशाचंच दुःख नव्हतं. मी माझ्याच घरात कोंडलेल्या प्रवाशासारखा या खोलीतून त्या खोलीत फिरायचो. पहाटे चारला जाग यायची ती यायचीच. एकदा बायको पोळ्या करून ताटं वाढत होती तर मी न कळत ओट्यावर दोनदा टक टक केलं. डबल बेल. म्हणजे चला, जाऊ द्या. पोरं इतकी हसली की पुढचे दोन महिने घरात कुणालाही कुठूनही उठायचं असलं की टक टक करायची. लहान गोष्ट आहे, पण त्या दिवसांत हसायला एवढंच असायचं.

आईचं वेगळं होतं. आई तेव्हा ७१ वर्षांची. गळ्यात माळ, गुडघे गेलेले, पण सोपानकाकांच्या मंदिरात सकाळचं जाणं कधी चुकलं नव्हतं. काठी टेकत, वाटेत तीन ठिकाणी बसत जायची. मंदिर बंद झालं तसं तिचं सगळं वेळापत्रकच गेलं. पहिले काही दिवस ती त्याच वेळेला आंघोळ करून, लुगडं नेसून, काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत यायची. तिथे थांबायची. मंदिराच्या दिशेला हात जोडायची आणि परत आत. मी एकदा म्हटलं, आई, घरातल्या देव्हाऱ्यापुढेच बस की. ती म्हणाली, "ह्यो देव घरातलाच हाय रं. त्याला भेटायला कशाला तयारी लागती? मला तयारीची सवय हाय."

मी स्वतः माळकरी नाही. वारीचे दोन दिवस सोडले तर देवाचं आणि माझं फारसं जमत नाही, भांडणही नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं की गावाबाहेर एका इमारतीच्या कामावरचे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये अडकलेत. ३८ माणसं, त्यात चार बायका, सगळी झारखंडकडची. ठेकेदाराचा फोन लागत नव्हता. गल्लीतल्या पोरांनी दोन दिवस बिस्किटं नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "पातेलं उतरव."

मी म्हटलं, धान्य कुठलं? आपलंच पुढे कसं होणार माहीत नाही, पगाराचं माहीत नाही.

"वारीचा शिधा हाय की."

हे मला अपेक्षित नव्हतं. वारीचा शिधा म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात हात न लावायची वस्तू. जानेवारीपासून आई तो साठवते. थोडे तांदूळ, थोडी तूरडाळ, शेंगदाणे, गूळ. एका वेगळ्या पिंपात ठेवते आणि घरात काही संपलं तरी त्यातलं चिमूटभर घेऊ देत नाही. एकदा बायकोने अडीनडीला त्यातले शेंगदाणे घेतले होते, तर आईने दुसऱ्या दिवशी तिला भरून ठेवायला लावले, तेही निवडून. मी म्हटलं, आई, तो माउलींच्या नावाचा आहे. पालखी आली तर काय करायचं?

"आली तर बघू. नाव माउलींचंच ऱ्हातंय, पानं दुसरी."

परवानगीचं पत्र मिळालं, अंगणात चूल पेटली. आमटी-भात, पत्र्याचं झाकण, वर वीट. मी आणि गल्लीतली दोन पोरं रिक्षातून पातेलं नेऊन वाढायचो. तोंडाला बायकोने जुन्या चादरीचे शिवलेले मास्क. पहिले दोन दिवस मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. फोटोही काढला. सहाव्या दिवशी त्यांच्यातला एक वयस्कर माणूस बाजूला घेऊन हिंदीत म्हणाला, भाईसाब, बुरा मत मानना. मग हळूहळू कळलं की आमची आमटी त्यांना सोसत नव्हती. काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट यांनी निम्म्या लोकांची पोटं बिघडली होती. आम्ही प्रेमाने दोन दोन डाव वाढत होतो आणि ते बिचारे भिडेने खात होते. त्यांना हवे होते कच्चे तांदूळ, बटाटे, कांदा, मोहरीचं तेल मिळालं तर फारच उत्तम. करून ते स्वतः खाणार होते. शेडमागे चूल होतीच.

मला राग आला. इतकं करून वर हे. घरी येऊन आईला तावातावाने सांगितलं. आई हसायलाच लागली. म्हणाली, "मग आजवर इचारलं का न्हाईस?" साठ वर्षं आमच्या घराने दिंडीला जेवू घातलं, पण दिंडी आमच्याच चवीची होती, त्यामुळे विचारायची कधी वेळच आली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून पातेलं धुऊन पालथं घातलं आणि आम्ही पिशव्या भरून द्यायला लागलो. मोहरीचं तेल काही मिळालं नाही. मे महिन्यात ती माणसं गेली. सरकारने मजुरांना सोडायला एसट्या लावल्या होत्या, फुकट. मी लांबून बघायला गेलो होतो. आख्खी गाडी भरलेली आणि एकाही माणसाकडे तिकीट नाही, हे बघताना उगाच हात खिशाकडे जात होता. तो म्हातारा खिडकीतून हात हलवत होता. मला की सगळ्यांना, कळलं नाही.

इथपर्यंतचं मी पुष्कळ लोकांना सांगितलेलं आहे. पुढचं नाही.

मेच्या मध्याला आण्णांचा मुलगा मुंबईहून आला. बायको, चार वर्षांची पोर, ई-पास काढून, भाड्याच्या गाडीने. तेव्हा मुंबई म्हटलं तरी माणसं दोन पावलं मागे सरायची. त्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले, दारावर कागद लागला आणि आण्णा, काकू, मुलगा, सून, नात अशी पाचही माणसं १४ दिवस आत. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री एक मेसेज पडला. गल्लीत म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत, यांना घरात न ठेवता शाळेतल्या विलगीकरणात हलवावं, अशी सर्वांच्या वतीने विनंती. खाली अकरा अंगठे.

तो मेसेज मी लिहिला होता.

भाषा चांगली होती. 'कुणाविषयी आकस नाही' असंही त्यात होतं. मी आईचं वय लिहिलं होतं, आजार लिहिले होते. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण लिहिताना डोक्यात पावळण होती, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आता लिहिताना तर आहेच. त्यांना कुणी हलवलं नाही, घरात वेगळी खोली होती म्हणून तिथेच ठेवलं. पण गल्लीने जे समजायचं ते समजून घेतलं. दूधवाला त्यांच्या दारासमोर थांबेना. पिशवी दोन घरं अलीकडे कट्ट्यावर ठेवून निघून जायचा आणि ती उन्हात नासायची, कारण ती आणायला बाहेर कोण येणार? भाजीची गाडी त्यांच्या घरावरून जाताना ओरडायची थांबायची. हे मी खिडकीतून बघत होतो. बायकोही बघत होती. ती एकदा म्हणाली, "अहो, त्या लेकराला तरी दूध..." आणि मी म्हटलं, बघू.

आईला व्हॉट्सॲप वाचता येत नाही. पण नातू वाचतो. चौथ्या दिवशी दुपारी आई माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं आता ती बोलणार. तिने फक्त विचारलं, "परभणीच्या दिंडीतल्या किती जणांची नावं ठाऊक हायेत तुला?"

मी म्हटलं, विणेकरी बाबांचं. अजून दोघा-तिघांचं.

"आन् बाकीच्यांच्या पाया पडतोस."

एवढंच. उठून गेली. मी दिवसभर काही केलं नाही, हेही लिहायला पाहिजे. मला लाज वाटली आणि मी टीव्ही लावला.

रात्री नऊच्या सुमाराला मागच्या अंगणात काठीचा आवाज आला. जाऊन बघतो तर आई दोन्ही घरांमधल्या भिंतीपाशी उभी. भिंत छातीएवढी उंच, पावळणीच्या भांडणानंतर आण्णांनी बांधलेली. तिने भिंतीवर दुधाचा कॅन आणि पिठलं-भाकरीचा डबा ठेवला होता आणि काठीने पलीकडचा पत्रा वाजवत होती. पलीकडे काकू आल्या. अंधारच होता. मला दोघींची फक्त डोकी दिसली.

"काय गं?" काकू म्हणाल्या.

"काय न्हाय. उद्या कॅन धुऊन ठेव. आन् लांबून बोल, तोंडाला लाव काय तरी."

नऊ वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे. मला वाटलं होतं, कधी बोलल्याच तर रडतील वगैरे. दुसऱ्या दिवसापासून कॅन मी ठेवायला लागलो. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

पण खरी पंचाईत तिसऱ्या दिवशी झाली. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे काकूंनाही ठाऊक. डबा परत आला तो अंजिरांनी भरून. आण्णांची अंजिराची बाग आहे. पुरंदरचं अंजीर म्हणजे झाडावरून काढलं की दोन दिवसांच्या वर टिकत नाही, आणि त्या वर्षी ऐन हंगामात बाजार बंद. निम्मा माल झाडाखाली सडला होता. हंगामाचा शेवट होता, तरी त्यातली निवडून निवडून काढलेली अंजिरं दिसत होती. जांभळट, देठाशी चीक आलेली. आणि ती आली होती शिक्का मारलेल्या हातांच्या घरातून.

डबा ओट्यावर. आम्ही पाचजण भोवती. बायको म्हणाली, पोरांना मी देणार नाही, मला काय म्हणायचं ते म्हणा. मुलगी म्हणाली, मिठाच्या पाण्यात ठेवू. मुलगा म्हणाला, सॅनिटायझर लावू. मी म्हटलं, उन्हात ठेवू दिवसभर. तेव्हा कुणाला काही पक्कं माहीत नव्हतं. लोक भाजी साबणाने धूत होते. मनातून मी ठरवलं होतं की संध्याकाळी गुपचूप उकिरड्यावर टाकायची.

आईने डबा उचलला, अंजिरं धुतली, एका ताटलीत घेतली आणि देव्हाऱ्यात विठोबापुढे ठेवली. निरांजन लावलं. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मग ताटली घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर धरली.

"घे. परसाद."

आता प्रसादाला नाही कसं म्हणणार? मी बायकोकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. मी अंजीर घेतलं आणि खाल्लं. आईने दोन खाल्ली. बायकोने पोरांना नाही दिलं ते नाहीच दिलं, आणि आईनेही आग्रह केला नाही. मी रात्रभर गिळून बघत होतो, घसा दुखतो का. मला अजून वाटतं की बायकोचंही बरोबर होतं. पण देवाचा इतका सरळ वापर केलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

पुढे रोजचं चालू झालं. इकडून दूध, भाजी, औषधं, तिकडून कधी अंजीर, कधी लिंबं, एकदा काकूंच्या हातचं लोणचं. आण्णा मात्र भिंतीशी येत नव्हते. १४ दिवस संपले, कुणाला काही झालं नाही, कागद निघाला. तरी आण्णा आले नाहीत. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. ते कोकणात धडकलं, पण इकडेही दिवसभर पाऊस आणि वारा. आमचा सगळा पत्रा वाजत होता आणि त्यावरचं सगळं पाणी धो धो करत आण्णांच्या अंगणात. मी खिडकीतून बघत होतो. आण्णा छत्री घेऊन बाहेर आले, पाण्याकडे बघितलं, वर आमच्या पत्र्याकडे बघितलं, मोगऱ्याची कुंडी बाजूला ओढली आणि आत गेले.

दुकानं उघडल्यावर मी पन्हळ आणि पाइप आणला. एका दुपारचं काम. दीड हजार रुपयांच्या आत. नऊ वर्षं हे का केलं नाही याचं माझ्याकडे काही उत्तर नाही. शिडीवर चढलो होतो तर खालून आवाज आला, "उतार इकडं नको देऊ, रस्त्याकडं दे." आण्णा भिंतीपलीकडे उभे. मी म्हटलं, हो. त्यांनी अर्धा तास खालून सूचना दिल्या, त्यातल्या निम्म्या चुकीच्या. शिडीवरून उतरताना मी म्हटलं, आण्णा, तो ग्रुपवरचा मेसेज...

"वाचला होता."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"तुझ्याकडं असं कोनी आलं असतं तर मी दोन टाकले असते," म्हणाले आणि पाइपाच्या सांध्याकडे बोट दाखवलं. "इथनं गळनार बघ हे."

गळतंच ते. अजूनही.

१३ जूनला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान झालं, मोजक्या लोकांत, आणि पालखी तिथेच राहिली. १७ जूनला एकादशी. दरवर्षी त्या दिवशी दिवेघाटात मुंगीला जायला जागा नसते. सकाळपासून अंगणात ट्रक लागतात, तंबूच्या मेखा ठोकल्याचे आवाज, पोरांच्या हातात टाळ. त्या दिवशी गल्लीत एक कुत्रं झोपलं होतं, भर रस्त्यात. आईने तरी पहाटे सडा घातला, रांगोळी काढली, दारात पाण्याचा हंडा भरून ठेवला. मी काही बोललो नाही. दहाच्या सुमाराला तिने मला फोन लावायला सांगितला. पलीकडे विणेकरी बाबा. दोघंही कमी ऐकणारी, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"माउली, निघालो न्हाई यंदा," बाबा म्हणाले.

"ठावं हाय. जेवलात का?"

"उपास हाय."

"आमचा बी."

मग दोघंही गप्प. फोन चालूच. मी स्क्रीनवर सेकंद मोजत होतो. शेवटी बाबा म्हणाले, "चूल पेटवली का?" आईने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "पेटवतीय."

पातेलं पुन्हा उतरवलं. शिधा मजुरांना बराचसा गेला होता, भगर तेवढी आदल्या आठवड्यात आणलेली. आई म्हणाली तळाला राहिली तरी चालेल, पण पातेलं हेच. साठ माणसांच्या पातेल्यात बारा माणसांची आमटी म्हणजे विहिरीत तांब्या. गल्लीतल्या चार घरांना डबे जाणार होते. मी सवयीने पत्र्याचा तुकडा शोधत होतो, तेवढ्यात भिंतीवरून खणखण आवाज आला. आण्णांनी झाकण भिंतीवर ठेवलं होतं. चिंचेने घासून लख्ख केलेलं. त्यामागून झारा. पराती सापडल्या नाहीत म्हणाले, काकू म्हणाल्या सुनेच्या माहेरी गेल्यात, त्यावरून त्यांचं दोघांचंच जुंपलं.

आणि झाकण बसेना. नऊ वर्षांत पातेलं माळ्यावर चढवता-उतरवताना कुठेतरी आपटलं होतं, काठाला पोचा आला होता. झाकण एका बाजूने टेकायचं, दुसऱ्या बाजूने दोन बोटं वर. वाफ सगळी तिथून. आण्णा भिंतीपलीकडून म्हणाले, "फिरवून बघ." फिरवून बघितलं. "उलटं कर." उलटं केलं. आई म्हणाली, "वीट ठिव त्याच्यावर."

३० जूनला मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. सोपानकाकांच्याही. गर्दी करू नका असं बजावलेलं, म्हणून आम्ही गच्चीवर चढलो. शेजारच्या गच्चीवर आण्णा, काकू, नात. लांबून बसचा टप तेवढा दिसला, फुलांनी भरलेला, आणि हॉर्न. आईला मी खुर्चीत बसवून वर आणलं होतं. तिने हात जोडले आणि मला विचारलं, "देवाचं तिकीट कोन फाडतं रं?" मी म्हटलं, पास असेल. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या खात्याचा असा काही अभिमान वाटला की घसा दाटला. मी नेमका त्या गाडीवर नव्हतो, ही खंत अजून आहे.

मंदिरं उघडली ती दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. तोपर्यंत बाकी बरंच काही उघडलं होतं. आईने त्यावर एक वाक्य बोलून ठेवलंय, ते इथे छापण्यासारखं नाही. २०२१चं साल मी सोडून देतो. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये आमच्या गल्लीतून आणि परभणीहून जे फोन आले ते मला लिहायचे नाहीत.

२०२२ला पालखी पुन्हा पायी निघाली. २४ जूनला एकादशीला दिंडी आमच्या अंगणात उतरली, तेव्हा वीणा एका तिशीतल्या पोराच्या गळ्यात होती. आईने त्याच्या पाया पडताना वीणेला हात लावला आणि थोडा वेळ काढलाच नाही. दिंडीत माणसंही चाळीसेकच. या वेळी अर्धी दिंडी आण्णांच्या अंगणात झोपली, भिंतीला मधे खिंडार पाडलं होतं येण्याजाण्यापुरतं. काम अर्धवट, विटा तशाच पडलेल्या. वर ठेवायला वीट शोधावी लागली नाही.

संध्याकाळी आमटी उकळत होती. दिंडीतलं एक शाळकरी पोरगं, पहिल्यांदाच आलेलं, चुलीशी उकिडवं बसून अक्षरं लावत होतं. पातेल्यावरचं नाव वाचलं, मग मान वाकडी करून झाकणावरचं. आईला म्हणालं, "आज्जी, ह्ये झाकण दुसऱ्याचं हाय. म्हनून बसंना व्हय?"

आईने त्याच्या हातात ताटली दिली आणि सरकून बस म्हणाली, ठिणगी उडेल.